प्रभावतीचे विषय

शेळीला ओढत कस्तुरा चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात शिरली, तेव्हा पांढऱ्या कोटातला एक तरुण म्हशीची जीभ धरून तिच्याशी चक्क गप्पा मारत होता.

"डॉक्टर, हिच्या खुरात काटा गेलाय. आणि… एक विचारायचं होतं."

"आधी काटा की आधी प्रश्न?"

"काटा," ती म्हणाली आणि उगाचच हसली.

साल अडुसष्ट. कस्तुरा पिंपरीच्या औषध कंपनीत पॅकिंगला होती, सुट्टी गुरुवारची. धाकटी बहीण प्रभावती आठवीत चाललेली, आणि गुरांची डॉक्टरच होणार म्हणून हटून बसलेली. शाळेनं विषयांचा फॉर्म दिला होता. घरात विचारावं असं शिकलेलं कोणी नव्हतं.

काटा कधी निघाला ते शेळीलाही कळलं नाही. "पुढच्या गुरुवारी फॉर्म आणा," तो म्हणाला. "आणि खूरही दाखवा."

पुढच्या गुरुवारी खूर बरा होता, फॉर्म मात्र घरी राहिला. तरी शेळी आलीच. गप्पा म्हशींवरून कंपनीच्या कँटीनवर गेल्या. तो ऐकताना मान जराशी कलती करायचा… आणि का कोण जाणे, हेच ती आठवडाभर आठवत राहिली.

तिसऱ्या गुरुवारी तिनं फॉर्म पुढे केला. "उद्या शेवटची तारीख. सोपं गणित घेतलंय, आणि शास्त्राऐवजी शरीरशास्त्र. डॉक्टरला शरीर कळायला हवं ना?"

त्याचं हसू मावळलं. "हे देऊ नका. यानं सायन्स कॉलेजला जाता येत नाही. मग गुरांचं कॉलेजही गेलं."

"इतक्या खात्रीनं?"

तो कापसाचा बोळा चुरगाळत राहिला. "मी हेच भरलं होतं. नाव ऐकून, तुमच्यासारखंच… मी डॉक्टर नाही. ड्रेसर आहे, मलमपट्टी करणारा. डॉक्टर गुरुवारी खेड्यांवर जातात. तुम्ही डॉक्टर म्हणालात, बरं वाटलं… उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहिलो."

"तीन गुरुवार!" तिचे कान तापले. "अन् मी कंपनीभर सांगत सुटले! पॅकिंगमधल्या गिरजाबाई तर चिडवून चिडवून—"

"काय चिडवतात?"

"ते नाही सांगणार!"

ती तरातरा दारापर्यंत गेली. शेळी हलेना. दोर हातात धरून कस्तुराही थांबली. गप्प बसला असता तर याचं काय गेलं असतं? अजून डॉक्टरच राहिला असता. कधी न पाहिलेल्या एका पोरीसाठी यानं…

ती परत फिरली. "पेन द्या."

तिनं दोन्ही विषयांवर काट मारून वर लिहिलं: शास्त्र. बीजगणित-भूमिती. "लिहिलं खरं. पण शिकवणार कोण?"

"मला येतं," तो हळूच म्हणाला. "मागाहून आपलं आपण शिकलो. उशीर झाला, एवढंच."

"मग गुरुवारी दुपारी घरी या. मेदनकरवाडीला, विहिरीपाशी."

"घरात कोण म्हणून सांगाल?"

"नाव काय तुमचं?"

"ज्योतीराम."

तिनं ते आधी मनात म्हणून पाहिलं. "ज्योतीराम आलेत, म्हणून सांगीन. पुढचं आईनं विचारलं तर…" तिनं फॉर्मची घडी घातली, नजर मात्र वर केली नाही. "तर तुम्हीच सांगा. पण या वेळी खरं. आणि पहिल्याच गुरुवारी."