चौथ्या खुर्चीपुढचं ताट

"टेबल तरी जाईन, नाई तर मी तरी जाईन या घरातून!" कोकिळा म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज चिरकला.

"जाय. पन पहिले माह्या लेकाले त्याच्यावरून उठव," देवकाबाई म्हणाल्या.

सासू-सुनेचं हे भांडण भर दुपारी तीन वाजता चाललं होतं. ज्याच्यासाठी चाललं होतं तो चंद्रभान दोघींच्या मधे, टेबलाशी मान खाली घालून बसलेला. कचेरीत जायचं म्हणून साडेनऊला जेवायला बसलेला माणूस! ताट केव्हाच रिकामं झालं होतं. वरण वाळून उजव्या हाताची बोटं पिवळी, ताठ झाली होती.

जमिनीवर जेवणाऱ्या घरात टेबल कशाला, असं रामनगरातल्या सगळ्या गल्लीनं विचारून झालं होतं. विचारेनात का! कोकिळा सातवी शिकलेली, मासिकं वाचणारी बाई. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एक कोपरा आपल्या मनासारखा असावा, एवढं मागायला बाईनं कोणाकोणाची परवानगी काढायची? जुन्या लाकडाचा धंदा करणाऱ्या तानबानं पुलगावकडच्या एका बंद बंगल्यातून सागवानी टेबल आणि वेताच्या चार खुर्च्या बैलगाडीत घालून आणल्या. बंगला म्हणे कापसाच्या जिनिंगच्या कोण्या मॅनेजर साहेबाचा. कोकिळेनं चार दिवस लाकूड घासलं, तेल पाजलं, लग्नातल्या शालूचा पडदा शिवून खिडकीला लावला, पितळी लोट्यात झेंडू ठेवला. कोपरा असा सजला की तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा तिथे जाऊन उभं राहावंसं वाटे.

एकच गोष्ट सलत होती. खिडकीजवळच्या रिकाम्या चौथ्या खुर्चीसमोर टेबलावर एक पांढरा गोल डाग होता, ताटाएवढा. राखेनं जाईना, लिंबानं जाईना. तेलानं गेला तर दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मग तिनं माहेरचं स्टीलचं ताट त्यावर मांडून डाग झाकला.

"रिकामं ताट मांडू नाई वं," देवकाबाई म्हणाल्या होत्या. "मांडलं तर वाढ, नाई तर उचल."

सासूनं उचल म्हटलं म्हणजे कोकिळा उचलते होय! तिनं मुद्दाम मूठभर भात, वरण, वर तूप वाढलं आणि डोक्यावर पदर घेऊन रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "सावकाश होऊ द्या!" चंद्रभानला हसता हसता ठसका लागला.

त्या टेबलावर कोणी हसलं ते तेवढंच.

संध्याकाळी ताट पाहिलं तर भाताच्या मधोमध आळं केलेलं, वरण त्यात ओढून घेतलेलं. मुंग्या आळं करत नाहीत. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. दिवस मार्गशीर्षाचे, कापसाच्या गाड्या दिवसभर रस्त्यानं कुरकुरत जायच्या आणि खिडकीतून कापसाचे तंतू आत यायचे. टेबलावर, पडद्यावर, झेंडूवर बसायचे. खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र एक तंतू बसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर चंद्रभान दहा मिनिटं उठला नाही. चौथ्या दिवशी तासभर.

"उठत काऊन नाई?" कोकिळेनं विचारलं.

"पंगत आहे नं," तो खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहत म्हणाला. "त्याहिचं व्हायचं आहे."

सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून उठायचं नाही, हे त्याला बापानं पाठीत धपाटा घालून शिकवलेलं. शिकवणूक हाडात मुरली होती. त्या दिवशी कोकिळेनं गुपचूप ते चौथं ताट उचलायला हात घातला. हललं नाही. पलीकडून कोणी काठावर अंगठा दाबून धरावा तसं ते बसलं होतं.

आज सकाळी तिनं तानबाला बोलावणं धाडलं. तो उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

"साहेब एकलाच जेवे, बाई. कोनीच त्याच्यासंगं बसे ना. जेवता जेवताच गेला. घास हातातच होता."

"हे आधी सांगता येत नोतं का रे, मुडद्या? उचल हे टेबल!"

"जेवत्या मानसापुढून उचलू? मी नाई बाप्पा." आणि तो मागे न पाहता चालता झाला.

तेव्हापासून हे भांडण.

"मीच सांगून टाकते त्याले, ऊठ म्हनून!" कोकिळा खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली.

देवकाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "जेवत्याले ताटावरून उठवतेत का? घरादाराले लागते ते! सावकाश होऊ द्या कोन म्हनलं? तू म्हनलं. आता तूच निस्तर."

"हळू बोला…" चंद्रभान म्हणाला. आवाज त्याचाच, पण तळघरातून यावा तसा. "तुमच्या बोलन्यानं… त्याहिचा घास थांबते…"

कोकिळेनं नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. तो हलला नाही. त्याच्या खांद्यावर, केसांवर, पापण्यांवर कापूस साचला होता, टेबलावर साचतो तसा. पापणी मिटत नव्हती. अजून एक दिवस, आणि फडक्यानं पुसायच्या वस्तूंत तोही एक वस्तू होईल, हे तिला लख्ख दिसलं.

ती आत गेली. हातपाय धुतले. आपलं ताट घेऊन आली.

"कोकिळे… काय करून राह्यली वं?" देवकाबाईंनी विचारलं.

तिनं आधी चौथ्या ताटात गरम भात वाढला, मग आपल्या. चंद्रभानच्या समोरची खुर्ची ओढून बसली. बाजूची खिडकीजवळची खुर्ची करकरली आणि वीतभर सरकली, शेजारणीला जागा करून द्यावी तशी…

कोकिळेनं डोक्यावर पदर घेतला, पहिला घास कालवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे न पाहता हळूच म्हणाली, "याहिले उठू द्या… तुमच्यासंगं जेवाले मी हाये नं."