गोकर्णीच्या वेलाचा खटला

वाडीच्या महिला मंडळात वकिली करून कोणाला काय मिळते? शाल नाही, नारळ नाही. फार तर भांडणाची हौस फिटते. तरीही डिसेंबरातल्या त्या रविवारी अमरदीप आपल्या गावाहून गाड्या बदलत, हायवेची लाल धूळ खात हजर झाला, तेव्हा आम्रपालीने मनाशी हिशेब मांडला : जयगड बंदरावर आठवडाभर राबणारा माणूस सुट्टीचा दिवस असा फुकट घालवणार नाही. याला काहीतरी हवे आहे.

पण ते त्याने आज दिवेलागणीच्या आत मागायला हवे होते. दिवेलागणीला तिचे बाबा, सहदेव मास्तर, देवरूखच्या स्थळाला फोन करून होकार कळवणार होते. "तुझ्या मनात दुसरं काही असेल तर तोवर सांग, बाय," असे ते सकाळीच म्हणाले होते. मनात होते... पण समोरच्याने जे बोलूनच दाखवले नाही, ते बाबांना काय म्हणून सांगायचे?

ओळख झाली होती हातखंब्याला, गणपतीची गर्दी ओसरल्यावर. ती तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. संध्याकाळी गाडीची वाट बघत तिठ्यावरच्या हॉटेलच्या दारात उभी होती. आत टीव्हीवर 'गोकर्णीचा वेल' ही मालिका लागली होती. नायक समर गोकर्णीला काहीतरी सांगायला तोंड उघडतो, तिचे डोळे भरून येतात — आणि जाहिरात. तेवढ्यात पालीची गाडी आली काय, गेली काय.

"गेली ना?" शेजारी उभा असलेला उंच, सावळा मुलगा म्हणाला.

"तुमची पण?"

"तीच. मी मालिका बघत नव्हतो हां. आमची आई बघते. एखादा भाग चुकला तर तिला सांगायला लागतो, म्हणून..."

"मग आज काय सांगाल?"

"समर आज पण बोलला नाय. तिला धक्का नाय बसायचा."

पुढची गाडी येईपर्यंत दोघे भांडली. ती समरच्या बाजूने, तो विरुद्ध. मग दर शनिवारी भांडली. बंदरावरून घरी जाताना रत्नागिरीहूनच त्याच्या गावाला थेट गाडी होती. हातखंब्याला उतरून तास घालवायचे त्याला काही कारण नव्हते. आम्रपालीने हे पहिल्याच महिन्यात हेरले होते आणि तो कधी कबूल करतो याची वाट बघत होती. मोहोर आला, तरी वाट संपली नव्हती.

वाडीत वर्षअखेरीला समाजमंदिरात बायका जमत आणि हात वर करून दोन निकाल लावत : वर्षाची लाडकी मालिका कोणती आणि वर्षाची उतरलेली, म्हणजे मनातून उतरलेली, कोणती. उतरलेलीवर रीतसर खटला चाले. एक वकील बाजूने, एक विरुद्ध. जो हरेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. यंदा आम्रपालीसमोर उभे राहायला कोणी धजेना, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष, तिची आत्या सुंदराबाई, म्हणाली होती, "तुझा तो हातखंब्याचा भांडखोर आहे ना गो, त्यालाच बोलव. बघू तरी."

लाडकीचा निकाल चटकन लागला. 'सासू भाड्याने देणे आहे'ला सगळे हात वर. मग 'गोकर्णीचा वेल'वर खटला.

आम्रपाली उभी राहिली. दारातून बाबा दिसत होते, आंब्याखाली, फोन खिशात.

"मालिका संथ आहे, मान्य," ती म्हणाली. "पण समर बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात नाही, असं कोण म्हणतं? तो गोकर्णीसाठी वाकडी वाट करून येतो. तिच्या चहात साखर कमी घालायला सांगतो. हे... हे बोलणंच नाही का?"

"साखर कमी म्हणे," मागून दमयंतीकाकू म्हणाली. "मधुमेहाचा डॉक्टर आहे काय तो?"

बायका हसल्या. अमरदीप उठला. शर्टाची बाही खाली केली, पुन्हा वर केली.

"वर्षभर ती मुलगी खिडकीत उभी आहे," तो म्हणाला. "तिला स्थळं येतायत. हा रोज येतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो नि जातो. का? तर म्हणे बढती होऊ दे, मग बोलू. अरे, तोवर ती काय थांबणार आहे? तिच्या जिवाला काय होत असेल, याचा याने कधी विचार..."

तो थांबला. आम्रपालीकडे बघितले, आणि बघतच राहिला.

सगळ्या बायकांच्या माना आधी त्याच्याकडे, मग आम्रपालीकडे वळल्या.

"बोला वकीलसाहेब," सुंदराबाई पदराआडून म्हणाली. "आरोपीचं नाव काय म्हणालात?"

अमरदीप खाली बसला. कान लाल. हात वर झाले : 'गोकर्णीचा वेल' उतरली. मालिकेच्या बाजूने आम्रपालीखेरीज एकच हात होता, आणि तो विरुद्ध पक्षाच्या वकिलाचा. "पाहुण्यांचं मत धरत नाय," म्हणून सुंदराबाईने तोही खाली करायला लावला.

बाजूच्या पडवीत चूल पेटली. आम्रपालीने टोपात गवती चहा टाकला. काजूच्या झाडामागे सूर्य टेकला होता. आता किती वेळ उरला... धुराने डोळे चुरचुरले. धुराचे बरे असते, कोणी विचारत नाही.

"लाकूड ओलं आहे." अमरदीप शेजारी उकिडवा बसला.

"तुम्ही जिंकलात. तुम्ही कशाला आलात?"

"मार्चला माझं कंत्राट संपतं," तो चुलीशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पुढचं मिळालं की विचारू म्हटलं. रिकाम्या हाताने कसं..."

"समरची पण बढतीच व्हायची आहे."

"तरी तुम्ही त्याचीच बाजू घेतलीत."

"घेतली." तिने पळी टोपात फिरवली, उगाच. "बोलत नाही म्हणजे मनात नाही... असं मला स्वतःच्या तोंडाने म्हणवेना."

त्याने ओले लाकूड चुलीत पुढे सारले. तिला वाटले, झाले. हाही भाग असाच संपला.

"आम्रपाली," तो म्हणाला. आजवर त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. "मार्चनंतर काय होईल, मला ठाऊक नाय. तरी तू माझ्याशी लग्न करशील?"

"हे बाबांना सांगायला लागेल."

"कधी?"

"ते बघा, खिशातून फोन काढतायत."

तो असा धावला, की वाटेतली पाण्याची घागर लवंडली. आंब्याखालून शब्द तेवढे ऐकू आले, "जय भीम, मास्तर. तो फोन जरा... एक मिनिट ठेवाल?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, मग पडवीकडे. पळी हातात घेऊन उभ्या असलेल्या लेकीने मान हलवली. मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि त्याला बसायला दगड दाखवला.

"चहा आटला गो," आतून आत्या ओरडली.

शेवटी चहा आम्रपालीने पाजला, कप अमरदीपने विसळले, घागर भरून आणायलाही त्यालाच धाडले. देवरूखला फोन गेला, पण नकाराचा. मास्तरांना चार गोड शब्द जास्त खर्चावे लागले. वाहिनीने 'गोकर्णीचा वेल' दुपारच्या वेळेला ढकलली आणि मार्चात गुंडाळली. शेवटच्या भागात समर एकदाचा बोलला म्हणे. पण वाडीत त्या दुपारी टीव्हीसमोर कोणी नव्हते. सगळ्या बायका आम्रपालीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. उशिराची किंमत मोजली ती त्या बिचाऱ्या समरने एकट्याने.