वासंतीताईंची चिठ्ठी

सिल्व्हर पार्क सोसायटीत आम्हा सहाजणींची पुस्तक भिशी आहे. डब्यातून जिच्या नावाची चिठ्ठी निघेल, तिने पुस्तक घरी न्यायचं आणि महिन्याभरात वाचून वहीत अभिप्राय लिहायचा. रहस्यकथा, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, काहीही चालतं. मी दहावीच शिकलेय, पण अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे.

त्या दुपारी सुचेताने चिठ्ठी उलगडली आणि तिचा चेहराच उतरला.

"रश्मी, अगं... वासंतीताई."

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वासंतीताई गणपतीत गेल्या. त्यांची चिठ्ठी डब्यातून काढायची मी विसरले होते.

"आता काय, त्या स्वतः येणार पुस्तक न्यायला?" अंबिका हसली. पण दुसरी चिठ्ठी काढायला कुणीच हात घातला नाही. त्या महिन्याची कादंबरी माझ्याच टेबलावर राहिली.

वासंतीताईंना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. माझी आठ वर्षांची नात सान्वी शाळेतून आली की वर जाऊन त्यांना वाचून दाखवायची. त्या कपाळाला बाम चोळत ऐकायच्या. मग अभिप्राय सांगायच्या, वहीत तो मी उतरवायचे.

महिना संपला तशी मी वही उघडली. वासंतीताईंच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'भाषा गोड. मधे फार लांबलंय. चार पानं राहिली. सान्वीला वर पाठव.'

अक्षर माझं होतं. मी ते लिहिलं नव्हतं.

चिठ्ठी फाडून टाकली. कादंबरी कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. तेवढ्यात आतल्या खोलीतून सान्वीचा आवाज आला. एका लयीत, हळू... वाचल्यासारखा.

ती पलंगावर बसली होती. मांडीवर काही नव्हतं, पण बोट ओळीखालून सरकावं तसं सरकत होतं. मधेच थांबून ती छताकडे बघायची.

"कुणाला वाचून दाखवतेस गं?"

"श्श... आजी, एकच पान राहिलंय."

मी तिच्या तोंडावर हात दाबला आणि तिला छातीशी धरलं. तिचं कपाळ गार, चिकट लागलं. बामाचा वास आला. आमच्या घरात बाम नाही.

तेव्हापासून मी तिला नजरेआड होऊ देत नाही. पण त्याच संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली होती. 'चार' खोडून वर 'एक' केलं होतं.

माझ्याच अक्षरात.