नुसतं ‘चला’ म्हणू नये

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. वेळ शिवांजलीला पक्की आठवते, कारण त्याच मिनिटाला तिनं खापरगडाच्या पडक्या दरवाज्यापुढं लेकीचा, ईश्वरीचा मोबाईलवर फोटो काढला होता. फोटोत ईश्वरी एकटीच आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सकाळी वडूजहून निघताना सगळं हसतखेळत होतं. नवरा उदयसिंह फौजेतून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला, आणि पोरीला गड दाखवायचा त्याचा हट्ट. खापरगड काही अवघड नाही. पायऱ्या, लोखंडी कठडा, वर मोडकी सदर आणि पाण्याचं टाकं. चार वर्षांचं लेकरूही चढून जातं. शिवांजली मात्र आदल्या दिवसापासून एकच घोकत होती. पाय घसरला तर? मधमाश्या उठल्या तर? तिनं पिशवीत पाणी, गूळ-शेंगा, टोपी, हळदीची पुडी, सुचेल ते भरलं.

सासू बयाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "ध्येनात ठेव पोरी. उतरताना हिला नावानं हाक मारायची. तीन डाव. ‘ईश्वरी, चल घरला.’ लेकराचा जीव खेळात रमतो, मागं ऱ्हातो."

"आये, गडावर आता मोबाईलची रेंज येती," उदयसिंह हसला. "भुतं कवाच पळाली."

"तू तुजी बंदूक संबाळ. हिला सांगतीया मी."

वर पोचले तेव्हा ऊन टळटळीत होतं. वारा नाही, पाखरू नाही. सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं, तरी कुठून तरी ओल्या शेवाळाचा वास येत होता. टाक्याच्या काठाला सपाट कातळ होता आणि त्यात वाटीएवढ्या खळग्यांच्या दोन ओळी कोरलेल्या. "जुन्या काळी पोरं हितं खडे टाकून खेळायची," उदयसिंह म्हणाला आणि बुरूज बघायला पुढं गेला. ईश्वरी खळग्यांपाशी बसली. शिवांजली चार हातांवर पडक्या भिंतीच्या सावलीत भाकरी सोडू लागली.

"आता तुझा डाव... न्हाई, ह्याचा. त्याला द्या की, ते लहान हाय."

शिवांजलीनं वळून पाहिलं. ईश्वरी एकटीच होती. पण खड्यांचे ढीग चार होते, आणि एक तिच्यापुढचा सोडला तर बाकीचे खडे ओले होते. टाक्यातलं पाणी तर खाली, दोन पुरुष खोल.

"ईशू... कुणाशी बोलतीस गं?"

पोरीनं टाक्याकडं बोट दाखवलं. त्या थंडगार हिरव्या पाण्यावर कुणी काही न टाकता एक वर्तुळ उठलं, आणि सावकाश काठाला येऊन लागलं.

शिवांजलीचं भानच गेलं. तिनं पोरीला उचललं आणि बुरुजाकडं तोंड करून ओरडली, "आवं, चला! ऐकलं का? चला घरला! चला, चला!"

म्हणायचं होतं नवऱ्याला आणि लेकीला. घाईत बाई असंच म्हणते. नाव काही तिच्या तोंडात आलं नाही.

टाक्यातनं, अगदी हळू, कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, "चला म्हनाली..."

उतरताना ईश्वरी बापाच्या खांद्यावर होती. पायऱ्यांवर मागं चटक-चटक ओली पावलं वाजत होती. हे थांबले की एक पाऊल उशिरा तीही थांबायची. उदयसिंहाचं हसणं कधीच संपलं होतं. मान न वळवता तो पुटपुटला, "दोगं चालत्यात... आन् एक रांगतंय. मागं बघू नगंस."

पायथ्याला एक म्हातारी ताक विकत बसली होती. ही माणसं दिसताच ती म्हणाली, "दमल्याली दिसत्यात पोरं. एवढ्यांना एका गाडीवर कसं न्हेनार गं?"

"मावशी... आमची एकच हाय."

म्हातारीनं तिच्या मागं पाहिलं, मग खांद्यावरच्या ईश्वरीकडं. तांब्या खाली ठेवला. "वर काय म्हनालीस? नावानं हाक मारलीस?"

"न्हाई... नुसतं चला म्हनले."

"मग आली ती, ज्यांना कुनीच बोलवत न्हवतं. आन् तुजी कुठं हाय ते बघ आदी."

तेव्हा शिवांजलीनं लेकीचं तोंड पाहिलं. डोळे उघडे होते. अंग गार, पापणी हलत नव्हती. हलवलं, थापटलं, कानाशी ओरडली. काही नाही. उदयसिंह दवाखाना, दवाखाना करत गाडीची किल्ली शोधू लागला, आणि जी बाई पोरीला अंगणातसुद्धा एकटं सोडत नव्हती ती एकटीच पायऱ्यांकडं पळाली. दरवाज्याखाली उभी राहून हाक मारली.

"ईश्वरी, चल घरला!" गड गप्प.

"ईश्वरी... चल घरला!" वर कुठंतरी खडा वाजला.

छातीवर हात दाबून तिनं तिसऱ्यांदा नाव घेतलं. वरनं, टाक्याच्या अंगानं, अगदी रुसल्यासारखं उत्तर आलं, "आले की गं... डाव मोडला माझा."

खाली बापाच्या खांद्यावर ईश्वरी रडायला लागली होती.

लेक परत मिळाली. पण त्या दिवसापासून वडूजच्या घरात रोज बरोबर बारा-दहाला, त्या फोटोच्या वेळेला, ओली पावलं वाजू लागली. "नावं कळली तर माघारी धाडता यील," असं ताकवाल्या म्हातारीनं निघताना सांगितलं होतं. त्यांच्याशी खेळता खेळता ईश्वरीनं दोन नावं काढून दिली, नाथा आणि जोत्या. बयाबाईंनी शिवांजलीला पायथ्याला नेलं, दोघींनी ती नावं घेऊन हाक मारली, "जा रं बाळांनो, वर जा." चालणारी पावलं थांबली.

रांगणारं राहिलं.

"त्याचं नाव काय गं ईशू?"

"त्याला न्हाईच नाव. त्याचं बारसंच झालं न्हाई, आई."

शिवांजलीला भडभडून आलं. "आत्याबाई, आपुन ठेवूया का एखादं..."

"जीभ आवर," बयाबाई म्हणाल्या. "नाव ठेवलं की आपलं झालं. मग जनमभर जात न्हाई."

पुढच्या शुक्रवारी घरी हळदी-कुंकू होतं. पंधरा-वीस बायका आल्या. वडूजच्या होत्या, सांगलीच्या होत्या, एक मिरजेची. जाताना आपण सगळेच म्हणतो तसं जी ती म्हणाली, "चला, येते."

दुसऱ्या दिवशी बारा-दहा झाले, सव्वाबारा झाले. फरशी कोरडीच राहिली. शिवांजलीला आधी हायसं वाटलं, आणि मग जाताना बायका काय म्हणाल्या ते आठवलं. कुणाच्या मागं गेलं ते तिला कळलेलं नाही. विचारायचं तरी कसं?

म्हणून तुमच्या ओळखीत त्या शुक्रवारी वडूजला कुणी गेलं असेल, तर तिला एवढं सांगा. दुपारी फरशीवर तळव्यांचे ओले ठसे दिसले, तर पुसून घे. कितीही माया आली तरी लाडाचं नाव तोंडात आणू नकोस. आणि आता तुम्हीही उठाल, तेव्हा नुसतं ‘येतो’ म्हणा. हा निरोप तेवढा पुढं पोचवा.