गाऱ्हाण्यातलं नाव

“माझी ताई? ती सेटवर माझे टॉवेल सांभाळते,” टीव्हीतली दीपिका मुलाखत घेणाऱ्याला हसत म्हणाली, आणि तारकर्लीच्या तिच्या घरात मालिका बघायला जमलेले शेजारीही हसले... फक्त तिची ताई किशोरी हसली नाही. तिने डाव्या कानातला कापसाचा बोळा बोटाने आत ढकलला आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली.

मुलाखत संपून ‘वादळे कुटुंब’ सुरू झालं. त्या कुटुंबात आजी वारा अडवते, बाप वीज झेलतो आणि धाकटी जलजा पाण्याखाली श्वास घेते. निळ्या पोशाखातली जलजा बोलली, रडली की ती दीपिका असायची. पण तीच जलजा खडकांमधून माशासारखी सरसरत खाली गेली, की ती किशोरी असायची. पाठमोरी, चेहऱ्याविना! हे घराला आणि शूटिंगवाल्यांना ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. जलजा सगळं स्वतः करते, याच गोष्टीवर तर मालिकेची एवढी जाहिरात चालली होती.

“टॉवेल सांभाळतंस काय गो तू?” आई, सत्यवती, चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली. “माका नाय रुचलां तां.”

“बोलता मां ती, आई? बोलांदे.”

आईने चुलीत लाकूड सारलं. तिलाही आठवलंच असणार. बाबांची होडी परत आली नाही, त्या दिवसापासून दीपिकाचा आवाजच गेला होता. समुद्राकडे ती पाठ करून बसायची, हाक मारली तर नुसती बघायची. डॉक्टर झाले, देव झाले... आणि एक दिवस शूटिंगवाले आले. पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवायला नेणारी किशोरी त्यांना जलजा म्हणून पसंत पडली. घरी येऊन तिने तो निळा पोशाख गंमत म्हणून दीपिकाच्या अंगावर चढवला, आणि ती मुकी पोर आरशासमोर म्हणाली, “मी जलजा वादळे. समुद्र माझा आहे.”

दुसऱ्या दिवशी बहिणीचा हात धरून किशोरी दिग्दर्शकासमोर उभी राहिली. चेहरा हिचा घ्या, पाण्यात मी जाते, म्हणाली. स्वतःचं सगळं भाग्य तिने असं ओंजळीतून ओतून दिलं, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पण आता कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, “डाव्या कानाचा पडदा फाटलाय. पुन्हा खोल गेलीस तर हा कान गेला म्हणून समज.” हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कशी? मालिका बंद पडायच्या बेतात होती. मालिका लिहिणारी शर्मिला कंटाळून म्हणायची, “जलजा पहिल्या भागात होती तशीच आहे. कशालाच घाबरत नाही, कुणापुढे चुकत नाही. अशी पोर वाढणार कशी?” आणि चॅनेलवाले म्हणत होते, एक जबरदस्त बुडी दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा. मालिका गेली आणि दीपिका पुन्हा मुकी झाली तर? कान गेला तर गेला... तिचा आवाज राहू दे.

बुडीच्या दिवशी चॅनेलचे पाहुणे, पत्रकार, अर्धा गाव किनाऱ्यावर होता. जिथून पाणी एकदम खोल होत जाई, त्या किनाऱ्यालगतच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला किशोरी निळ्या पोशाखात लपली. शूटिंगसाठी बोट देणारे महादूतात्या नारळ घेऊन पुढे झाले. पाण्यात उतरणाऱ्याचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तात्या कुणाला उतरूच देत नसत. पण गुपित बाहेर फुटू नये म्हणून त्यांना दरवेळी दीपिकाचं नाव घ्यायला लावलं जाई.

“जेचां नाव घेवचां, तेचीच राखण करता तो,” तात्या पुटपुटले. “उद्या काय झालां तर माका विचारू नकात.”

मग त्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्यां जां लेकरू पाण्यात उतारता, दीपिका नावाचां, तेका सुखरूप वर हाड रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सगळा किनारा म्हणाला. तशाच निळ्या पोशाखातली दीपिकाही म्हणाली, आणि हात हलवत खडकामागे गेली.

तिच्या जागी किशोरी खाली गेली. कानात कुणीतरी तापलेली सळई खुपसावी तशी कळ उठली, तरी ती तळाला टेकून आली. वर आल्यावर ती खडकामागे कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, डावी बाजू किनाऱ्याकडे, उजवी समुद्राच्या गाजेकडे.

“ताई, झालां?” कोरड्या वाळूवरून दीपिकाने विचारलं.

उत्तर नाही.

“ताई गो... रागावलंस काय? मुलाखतीत मी तसां बोलूक नको होतां.”

किशोरी शांतपणे समोरच बघत राहिली. तिच्या डाव्या कानातून निघालेला लाल ओघळ मानेवरून निळ्या पोशाखात मुरत होता. दीपिकाला तो दिसला... ताई रागावली नव्हती. ताईला ऐकूच आलं नव्हतं!

तिकडे दिग्दर्शक ओरडला, “आणखी एकदा घेऊ.” तात्यांनी पुन्हा हात जोडले. “बा देवा म्हाराजा, दीपिका नावाचां...”

“थांबा, तात्या. नाव चुकलां.”

दीपिका खडकामागून सगळ्यांसमोर आली होती. तिचा आवाज गेला नव्हता. “पाण्यात मी उतरत नाय. कधीच उतराक नाय. माका भय वाटता. आजवर माझी ताई उतारली, किशोरी. तिच्या कानातसून रगत येता... तिचां नाव घ्या.”

दिग्दर्शक धावत पुढे आला. “तुझं काम संपलं, दीपिका. कळतंय का तुला?”

“संपांदे.”

“पहिल्या भागापासून मी ह्याच पोरीची वाट बघत होते,” शर्मिला एवढंच म्हणाली; तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तात्यांनी टोपी काढली. “बा देवा म्हाराजा, आजवर नाव चुकलां, तेची क्षमा कर. किशोरी नावाचां लेकरू सुखरूप घराक हाड रे म्हाराजा...”

गर्दीतून एकटीचा रडवेला आवाज आला, “व्हय म्हाराजा.” आई होती ती. मग सगळा गाव म्हणाला.

दीपिका पाण्याकडे वळली. पहिली लाट पायाला लागताच ती शहारली, थांबली, डोळे मिटले... आणि पुढे गेली. किशोरीने तिला येताना पाहिलं आणि ती किंचाळली, “थंयच रव गो! येव नको!” दीपिका ताईच्या डाव्या बाजूला पोचली, पण थांबली नाही. ताईचा ऐकू येणारा कान समुद्राच्या बाजूला होता. तिला धरत, गळ्यापर्यंतच्या पाण्यातून ती पलीकडे गेली, आणि त्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

“ताई, घराक चल.”

किशोरीला ऐकू आलं.