टोपीत न मावणारे केस

लायडन या डच शहरातल्या त्या प्रयोगशाळेत आत जाण्याआधी प्रत्येकाला पातळ कागदी टोपी घालावी लागे. सारंग ती कानांवर ओढत होता, तेवढ्यात — फट्! कुणाच्या तरी टोपीचं इलॅस्टिक तुटलं आणि ती टोपी उडून थेट त्याच्या नाकावर बसली.

त्यानं ती काढली. समोर एक उंच, काळी मुलगी उभी होती. डोक्याभोवती दाट कुरळ्या केसांचा मोठा गोल... जणू मोहरून आलेलं झाड.

“माफ कर हं. या टोप्या माझ्या केसांशी भांडतात.”

“आणि केस जिंकतात?”

“रोज!”

तिचं नाव जोवाना. आईवडील सुरिनामहून आलेले, ती वाढली इथल्याच ब्रेडा शहरात. नवी औषधं पेशींवर काय परिणाम करतात ते ती तपासायची, आणि तिचे आकडे पुण्याचा सारंग कॉम्प्युटरवर मांडायचा. काही दिवसांनी दाराजवळच्या फळीवर मोठ्या टोप्यांचं खोकं आलं. कुणी मागवलं, हे सारंगनं सांगितलं नाही. पण जोवानानं टोपी घातली, सगळे केस आत मावले, तेव्हा तो इतका खूश दिसला की तिनं ओळखलंच.

मग दोघं कालव्याकाठी सायकली चालवू लागले. वारा तिच्या केसांत शिरायचा आणि बाहेर यायची वाट विसरायचा...

एकदा कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर आला. “टोपी घातलेलीच राहू द्या,” तो जोवानाला म्हणाला, “नीटनेटकं दिसतं.”

तिनं टोपी काढली. “मुलाखतीला येतानाही मला केस सरळ करायला सांगितलं होतं. लहानपणी अशा केसांची एकही शास्त्रज्ञ मी चित्रात पाहिली नाही. आता कुणा मुलीला तरी दिसू दे.”

“तिचे केस आहेत तसेच येतील,” सारंग ठामपणे म्हणाला. जोवानानं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो उरलेला दिवस चुकीचे आकडे भरत बसला.

त्याच आठवड्यात पुण्याहून सारंगची आई फोनवर म्हणाली, “अरे, सारखं जोवाना-जोवाना करतोस, तिचा फोटो तरी पाठव!”

त्याच्याकडे दोन फोटो होते. एक कालव्यावरचा, वाऱ्यानं फुललेल्या केसांचा. दुसरा प्रयोगशाळेतला, टोपी घातलेला. कालव्याचा फोटो त्यानं बराच वेळ पाहिला. मावशी काय म्हणेल... ‘केस विंचरत नाही का रे ही?’ शेवटी त्यानं टोपीवाला पाठवला.

रविवारी जोवाना त्याच्या घरी आली. बाहेर भुरभुर पाऊस होता. रेनकोटचं टोपडं डोक्यावर असतानाच सारंगच्या आईचा, पद्मजाबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. जोवानानं हात जोडले.

“गोड आहे रे!” आई मराठीत म्हणाली. “पण फोटोतही टोपी, आत्ताही टोपडं. आजारपणात केस गेलेत का बिचारीचे? मला सांग, मी काही मनात आणणार नाही.”

“काय म्हणाल्या?” जोवानानं विचारलं.

छान दिसतेस म्हणाली, असं सांगता आलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण ती विश्वासानं बघत होती... त्यानं खाली मान घालून खरं तेच सांगितलं.

जोवानानं सावकाश टोपडं मागे सारलं.

“अगं बाई!” आई स्क्रीनजवळ आली. “एवढे केस! हिला तेल किती लागत असेल रे? आणि हे लपवलंस तू, गाढवा?”

कॉल संपला. जोवानानं सायकलची किल्ली उचलली.

“तो फोटोग्राफर परका होता, सारंग. त्याचं मला काही वाटलं नाही.”

“मला वाटलं, आई...”

“आई घाबरली नाही. तू घाबरलास.”

ती गेली. सारंगला आरशासमोर उभं राहवेना. त्याला इतकी लाज वाटत होती, की माफीचे शब्दही खोटे वाटू लागले.

सोमवारी टोप्यांच्या फळीपाशी ती भेटली. केस मोकळे होते. त्याला वर बघवेना.

“मला तुझी लाज कधीच वाटली नाही, असं म्हणावंसं वाटतं,” तो म्हणाला. “पण ते खरं नाही. त्या एका क्षणी वाटली. आता लाज वाटते ती फक्त माझी. मी... मी तुझ्यावर प्रेम करतो, जोवाना. आणि प्रेम करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.”

तिनं टोप्यांचं खोकं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “फोन आहे खिशात?”

“आहे.”

“काढ फोटो. आईसाठी. सगळे केस आले पाहिजेत.”

त्यानं फोन समोर धरला. केस मावेनात. तो एक पाऊल मागे गेला.

“अजून मागे.”

तो सरकत राहिला. शेवटी त्याची पाठ दाराला टेकली. आता फोनच्या चौकटीत ती केसांसकट पूर्ण आली होती.

“आता फोटोच्या कोपऱ्यात थोडी जागा उरलीय का?” तिनं विचारलं.

“थोडी...”

“मग टायमर लाव आणि ये.”