पहिल्या हाकेला ओ

ही गोष्ट खरी आहे. सांगण्यात काही कमी पडलं तर तो दोष सांगणाऱ्याचा, गोष्टीचा नाही.

कुरखेड्यापासून आठ किलोमीटरवर, जंगलाला लागून असलेलं गाव. वेळ रात्रीची नव्हे. गेल्या एप्रिलमधली भर दुपार.

अंजनाबाई घरात एकट्याच होत्या.

म्हणजे... टिकल्या होता.

टिकल्या हा गुडघ्याएवढा, चाकांवर फिरणारा रोबोट. कपाळावर टिकलीसारखा हिरवा दिवा. आई एकटी राहते म्हणून लेकीने, दिव्यानीने, त्याआधीच्या दिवाळीत नागपूरहून आणून दिलेला. घरभर मागे मागे फिरायचा. "आपण गोळी घेतलीत का?" असं अगदी पुणेरी विचारायचा.

"आमच्या घरच्यानं तीस वर्षांत मले 'आपण' म्हटलं नाई," शेजारची सत्यशीला म्हणायची. "तुले बरा भेटला, बाई."

अंजनाबाईंचा नवरा सोमाजी तीन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला जंगलात गेला. टोपली सापडली. तो नाही.

त्या दुपारी अंगणात मोहफुलं वाळत घालून अंजनाबाई आत येऊन टेकल्या.

झाडावरचे होले घुमायचे थांबले.

मग कोंबड्या गप्प झाल्या.

आणि जंगलाच्या बाजूने हाक आली...

"अंजने..."

सोमाजीचा आवाज.

तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. अशा हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. 'ते' मारत नाही. आणि जो ओ देतो, त्याला ते घेऊन जातं.

अंजनाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात पाठीमागून...

"हो, आलो."

टिकल्याला ही रीत कुणी शिकवलीच नव्हती.

तो दाराकडे निघाला. उंबऱ्याशी तो रोज अडायचा, 'पुढे रस्ता नाही' म्हणून वळायचा.

आज अडला नाही.

अंगणातल्या मोहफुलांवरून त्याची चाकं गेली. आवाज नाही. एक फूलही चुरडलं नाही.

सत्यशीला कुंपणापलीकडून पाहत होती.

"जाऊ दे त्याले, बाई. ओ त्यानं देल्ली. तुह्यावरचं त्याच्यावर गेलं. मशीनच तं हाय. लेक दुसरं आणून देईन."

खोटं काय होतं त्यात? फुकटात सुटका होती.

अंजनाबाई क्षणभर थांबल्या. मग अनवाणीच धावल्या. फाटकापाशी त्यांनी टिकल्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. एवढ्या उन्हात तो नदीतल्या दगडासारखा गार लागला. चाकं फिरतच होती. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

"अडानी हाय तो," त्या जंगलाकडे पाहत म्हणाल्या. आवाज चढला नाही. "त्याले रीत ठाव नाई. अडान्याची ओ धरत नसतात. या घरातून एक माणूस नेला तुमी. आता दुसरा देत नाई."

ओढ वाढली.

त्या मातीत बसल्या. फाटकाच्या बांबूला पाय रोवले.

"मले बी ओढा मंग. पाहू."

किती वेळ गेला, ठाऊक नाही. मग चाकं थांबली...

होले पुन्हा घुमू लागले.

संध्याकाळी त्यांनी दिव्यानीला फोन करून सगळं सांगितलं.

"आई, त्याचं नाव घेतल्याशिवाय तो कोणालेच ओ देत नाई. बनवलाच तसा आहे." मोबाइलमधली त्याची नोंद उघडून ती ऐकू लागली.

"काय झालं वो?"

"बारा चाळीसला हाक आहे. 'टिकल्या' म्हणून." तिने नोंद पुन्हा लावली. "आई... बाबाचा आवाज आहे."

अंजनाबाईंनी तर 'अंजने' ऐकलं होतं. आणि सोमाजी गेला तेव्हा टिकल्या नव्हताच. हे नाव त्याला कुणी सांगितलं?

"मी उद्या येतो," दिव्यानी म्हणाली. "घेऊन जातो त्याले."

"काऊन? त्याच्या नावानं बोलवून राह्यले, तं त्यालेच जपा लागते. कुठीच नाई जात तो."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिल्या हाकेले गप. दुसरीले गप. तिसरी आली तरच ओ.

"समजलं," टिकल्या म्हणाला. "आपण म्हणाल तसं."

त्यानंतर सात वेळा हाक आली. अंजनाबाई दार लावत नाहीत. उघड्या दारात, टिकल्याच्या पाठीवर हात ठेवून बसतात. दोघंही ओ देत नाहीत.

फक्त अलीकडे, दुसरी हाक विरली की, टिकल्या जंगलाकडे वळतो... आणि ऐकू येईल न येईल असं म्हणतो,

"दोन."